वॉर्डातला वास: प्रकल्पाच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

प्रकल्पाचं नाव मेट्रन मॅडमनी ठरवलं: ‘शुश्रूषेत सुगंधोपचार’. बोर्डावर शोभेल असं आहे. काम माझ्याकडे, म्हणजे फीमेल सर्जिकलच्या इन्चार्जकडे. मदतीला जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली. लातुरातलं आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल मध्यम आकाराचं. शहरातले पेशंट कमी आणि औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूरकडून येणारे जास्त.

मॅडमच्या यादीत दोनच गोष्टी होत्या: ऑपरेशननंतरची मळमळ आणि रात्रीची झोप. तिसरी मी घातली, वास मारणाऱ्या जखमा. सुगंधोपचारावर बोलणारे सगळे सुवासावर बोलतात. वॉर्डात सिस्टरचं रोजचं भांडण दुर्गंधाशी असतं. मॅडम म्हणाल्या, विषय वेगळा होईल. मी म्हटलं, होऊ द्या.

बाळंतीण वॉर्ड तूर्त बाहेर ठेवलाय. तिथे तान्ही बाळं आहेत, आणि त्यांच्या नाकाशी काहीही नेण्याआधी बरंच वाचावं लागेल.

६ मार्च

मुलींना वाचायला बसवलं. पहिल्याच तासात एकीने गातफॉसेची गोष्ट सांगितली: फ्रेंच रसायनतज्ज्ञ, प्रयोगशाळेत हात भाजला, शेजारच्या लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि जखम जादूने बरी झाली. स्फोट १९१० सालचा आणि खरा. पण त्याने स्वतः लिहिलंय ते वेगळं: भाजलेल्या हाताला पुढे गॅस गँगरीन (मांस सडवणारा जंतुसंसर्ग) झालं आणि ते त्याने लॅव्हेंडरने धुतलं. ‘अरोमाथेरपी’ हे नाव रूढ झालं ते त्याच्या १९३७च्या पुस्तकामुळे. भांड्यात हात बुडवण्याचा प्रसंग नंतरच्यांनी रंगवला. मुलींना म्हटलं, ही गोष्ट प्रेझेंटेशनमध्ये घ्यायची नाही.

ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलात सुईणींनी १९९० ते १९९८ या काळात ८,०५८ बायकांच्या प्रसूतीत सुगंधी तेलं वापरून नोंदी ठेवल्या. बायकांना बरं वाटलं, त्रास झालेल्या अगदी थोड्या. आकडा मोठा आहे म्हणून मुली खूश झाल्या. पण तुलनेचा गट कसून घेतलेला नव्हता, आणि तिथे बाईजवळ सुईण बसलेली असायची. बरं तेलाने वाटलं की सुईणीने, हे त्या नोंदींवरून सांगता येत नाही. पुढे २०११ साली कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे एकत्र आढावे घेणाऱ्या संस्थेने, प्रसूतीवेदनांसाठीच्या चाचण्या तपासल्या. त्यांना वापरण्याजोग्या दोनच मिळाल्या आणि त्यांतही फरक दिसला नाही.

सगळ्यांत जुनं वाक्य नाइटिंगेलबाईंचं निघालं. धुरी आणि जंतुनाशकांवर विसंबून हवा शुद्ध होत नसते, वास नव्हे तर वास मारणारी वस्तू खोलीतून बाहेर काढा, असं त्यांनी नर्सिंगवरच्या पुस्तकात बजावलंय. ते मराठीत करून ड्रेसिंग रूमच्या दारावर चिकटवलं.

१० मार्च

काही विकत घेण्याआधी कपाट उघडलं. मुलींना सांगितलं, सुगंधोपचारात बसेल असं जे जे दिसेल ते टेबलावर ठेवा.

टेबल भरलं. टिंक्चर बेंझॉइन, म्हणजे आपलाच लोबान स्पिरिटात विरघळवलेला. प्रोसीजरच्या वहीत तो अजून आहे: अर्धा लिटर गरम पाणी, एक चमचा टिंक्चर, वाफ घ्यायचा नेल्सन इनहेलर. चिनी मातीचं ते भांडं निम्म्या मुलींनी पहिल्यांदाच पाहिलं. निलगिरीचं तेल. पेपरमिंटच्या गोळ्या, पोट फुगलेल्यांसाठी. दुखऱ्या कमरेचा बाम, ज्यात कापूर आणि मेंथॉल. दाताच्या ओपीडीतून आलेलं लवंगेचं तेल. आणि टर्पेंटाइन, जखमेत किडे पडले की लागतं ते. टर्पेंटाइन हे चिडाच्या राळेपासून ऊर्ध्वपातनाने काढलेलं सुगंधी तेलच आहे, यावर एकीचा विश्वास बसेना. सुगंधी म्हणजे सुवासिक असं कुठे म्हटलंय?

स्पिरिट सगळ्यात शेवटी ठेवलं, आणि त्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. २०१६ साली अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या लष्करी रुग्णालयात इमर्जन्सीमध्ये एक चाचणी झाली. मळमळणाऱ्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा छोटा पॅड नाकाखाली धरून खोल श्वास घ्यायला लावलं, दुसऱ्या गटाला सलाइनचा पॅड दिला. दहा मिनिटांत अल्कोहोलच्या गटाची मळमळ बरीच खाली आली. २०१८ साली त्याच मंडळींनी १२२ पेशंटवर चाचणी केली, तेव्हा हुंगण्याचा परिणाम तोंडावाटे दिलेल्या ऑनडॅनसेट्रॉन या उलटीवरच्या नेहमीच्या औषधापेक्षा जास्त दिसला. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर कोक्रेनचा २०१८चा आढावा जरा सावध आहे. अल्कोहोल हुंगणाऱ्यांना नंतर औषध कमी लागलं असं तो म्हणतो. पेपरमिंटबद्दल तसं ठाम म्हणत नाही.

म्हणजे सगळ्या टेबलावर ज्याच्यामागे बऱ्यापैकी पुरावा आहे ती वस्तू इंजेक्शनआधी दंडाला पुसायची. मात्र गॅलिपॉटमधलं, म्हणजे ड्रेसिंगच्या छोट्या वाटीतलं, सर्जिकल स्पिरिट वेगळं, ते इथेनॉलचं आणि प्यायलं जाऊ नये म्हणून त्यात भर घातलेली. चाचण्यांतला पॅड सीलबंद पाकिटातला, ७० टक्के आयसोप्रोपिल. आपल्याला पाकीटच लागेल, बोळा नाही.

१५ मार्च

गंजगोलाईच्या बाजारात गेलो. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथे लॅव्हेंडर का मिळणार नाही? मिळालं. जांभळी बाटली, त्यावर फुलाचं चित्र, खाली बारीक अक्षरात ‘फक्त सुवासासाठी’. वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही, बॅच नंबर नाही. फिल्टर पेपरवर थेंब टाकून ठेवला. शुद्ध तेल उडून जातं, मागे तेलकट डाग राहत नाही. याचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच. डाग राहिला नसता तरी कृत्रिम लिनॅलूल (लॅव्हेंडरच्या वासाचा एक मुख्य घटक) घातलेलं तेल या परीक्षेत पास होतंच, तेव्हा या युक्तीवर फार भरवसा नको.

फार्मसीमार्फत दुसरं मागवलं: लेबलवर लॅव्हँडुला अँगुस्टिफोलिया, बॅच, तारीख, सोबत घटकांचा रिपोर्ट. पातळ करायला करडईचं तेल. परदेशी यादीत ‘सॅफ्लॉवर’ वाचून मुली विचारत होत्या कुठे मिळेल. आपल्या घाण्यावर!

२० मार्च

नियमावली झाली. एथिक्स कमिटीने दोन दुरुस्त्या सांगून मंजूर केली. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, वाचून दाखवायचं.

मालिशचं तेल १ टक्का, म्हणजे ३० मिलि करडईत साधारण ६ थेंब. बाटलीतलं तेल थेट कातडीवर कधीच नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. दमा, फिट्सचा इतिहास, गरोदरपण आणि वासाने डोकं उठणारे या सगळ्यांना वगळायचं. लिंबूवर्गातली तेलं यादीतून काढली. बर्गमॉट आणि दाबून काढलेल्या तशा तेलांनी उन्हात कातडी भाजते, आणि इथून डिस्चार्ज झालेली बाई दोन दिवसांत रानात असते.

ज्योतीवरचा दिवा, मेणबत्ती, उदबत्ती वॉर्डात नाही. ऑक्सिजन चालू असतो. हवेत वास सोडणाऱ्या विजेच्या डिफ्यूझरलाही मी नाही म्हटलं, कारण तो एका पेशंटला देता येत नाही, सगळ्या खोलीला देतो. ज्याने मागितलं नाही त्याच्या नाकात औषध का घालायचं?

मळमळीचा क्रम मी स्वतः लिहिला. पेशंट ‘मळमळतंय’ म्हणाली की आधी बीपी. स्पायनलनंतर, म्हणजे पाठीत दिलेल्या भुलीनंतर, बीपी उतरलं की पहिली खूण बऱ्याचदा मळमळच असते. मग पोट पाहायचं: फुगलंय का, आतड्यांचा आवाज आहे का, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) बंद तर पडली नाही. मग ट्रॅमाडॉल, म्हणजे मळमळ आणणारं वेदनाशामक, केव्हा गेलं ते. एवढं झाल्यावर पॅड: नाकाखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर, नाकाने खोल श्वास, एक मिनिटापेक्षा जास्त नाही, हवं तर दोन मिनिटांनी पुन्हा. आधी आणि दहा मिनिटांनी शून्य ते दहा असा आकडा विचारायचा.

२७ मार्च

सुरू. पहिली पेशंट औशाकडची, गर्भाशय काढल्याचा पहिला दिवस. “सिस्टर, लई मळमळायलंय.” बीपी ठीक, पोट मऊ, तासाभरापूर्वी ट्रॅमाडॉल गेलेलं. आकडा विचारला तर म्हणाली, “धा.” पॅड फोडला. “हे काय हुंगायला द्यायलाव, सुईचं औषध?” दोन श्वासांत तोंड वाकडं केलं, चौथ्या श्वासाला खांदे खाली आले. दहा मिनिटांनी ‘चार’ म्हणाली आणि पाणी मागितलं.

संध्याकाळची दुसरी जास्त शिकवून गेली. हर्नियाची, तीही मळमळ म्हणाली. मुलगी पाकीट हातात घेऊनच निघाली होती. बीपी घेतलं तर नव्वदच्या खाली. पाय वर केले, सलाइन वाढवलं, डॉक्टरांना बोलावलं. बीपी वर आलं तशी मळमळ आपोआप गेली. पाकीट फोडलंच नाही. ही नोंद यशात धरायची की नाही यावर मुलींचा वाद झाला. मी धरली.

१ एप्रिल

काल ईद. एका पेशंटचा भाऊ प्रेमाने अत्तराची कुपी घेऊन आला आणि वॉर्डभर सगळ्यांच्या मनगटांना लावत सुटला. बहुतेक बायकांचे चेहरे फुलले. आमच्या साऱ्या तेलांनी झालं नव्हतं तेवढं प्रसन्न वातावरण. पाच नंबरच्या कॉटवरची मात्र दम्याची. पंधरा मिनिटांत छाती वाजायला लागली, नेब्युलायझर द्यावं लागलं. भावाला अपराधी वाटू नये म्हणून बाहेर नेऊन चहा पाजला.

दम्याच्या पेशंटच्या कॉटला आता निळी पट्टी. नातेवाइकांसाठी पाटी: गजरा चालेल, अत्तर-स्प्रे-उदबत्ती नको. गजऱ्यावरही एकीने शंका घेतली. मी गजरा ठेवला.

८ एप्रिल

पुरुष वॉर्डातला पेशंट, ज्याच्यासाठी तिसरी जागा यादीत घातली होती. वय पन्नाशीच्या आत, अहमदपूरकडचा शेतकरी, तंबाखू-चुना विशीपासून. गालाचा कॅन्सर आरपार फुटलेला. मोठ्या सेंटरवरून ‘घरी सेवा करा’ सांगून परत आलाय. वॉर्डाच्या दारातच वास येतो. शेजारच्यांनी कॉट बदलून मागितल्या. बायको पदर नाकाला न लावता जवळ बसते, पण जेवण तिलाही जात नाही. त्याने आरशाकडे पाठ केलीय, आणि भेटायला आलेल्या मुलाला “लांबच थांब” म्हणतो.

मॅडमची सूचना: खोलीत लॅव्हेंडर ठेवा. नको म्हटलं, आणि कारणं लिहून दिली. एक, सडका वास आणि गोड वास एकत्र आले की तिसराच वास होतो, तो दोन्हींपेक्षा वाईट, हे उदबत्तीच्या अनुभवावरून प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. दोन, त्या वासाची आणि या दिवसांची गाठ बसते. केमोच्या पेशंटला पुढे कित्येक महिने त्या वॉर्डासारखा वास आला तरी ओकारी येते, तसं त्या बायकोला आयुष्यभर लॅव्हेंडरचं होईल. वासाची नस मेंदूत भावना-आठवणींच्या भागाशी जवळजवळ थेट जोडलेली असते, मधले टप्पे कमी. सुगंधाचा उपयोग ज्या वाटेने होतो त्याच वाटेने त्याचं नुकसानही होतं.

वास येतो तो मेलेल्या पेशींवर वाढणाऱ्या, प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंमुळे. तेव्हा काम तिथे. कोमट सलाइनने धुतलं, चोळलं नाही. आतल्या बाजूला किडे होते. टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ जखमेच्या तोंडाशी धरला, ते वर आले तसे चिमट्याने काढले, टर्पेंटाइन लगेच धुवून टाकलं. तसंच ठेवलं तर कातडी पोळते. मग डॉक्टरांना विचारून, अशाच जंतूंवरच्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक कुटून ती पूड जखमेवर भुरभुरली, वर न चिकटणारं ड्रेसिंग. केरळच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे बऱ्या न होणाऱ्यांचा त्रास हलका करणाऱ्या, केंद्रांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय, त्यात नवं काही नाही. ड्रेसिंगआधी अर्धा तास दुखण्याची गोळी. खिडकी उघडी, भिजलेलं ड्रेसिंग ताबडतोब खोलीबाहेर.

११ एप्रिल

तिसरा दिवस. दारात वास नाही. कॉटजवळ आहे, पण सोसवेल इतका. बायको काल भाकरी जेवली. मुलगा कॉटवर बसला.

ड्रेसिंगच्या वेळी नाकाशी धरायला तिलाच काय आवडेल ते विचारलं. मुलींना वाटलं गुलाब म्हणेल. म्हणाली, “गवती चहा. हिरीवर लावलाय की.” दिराने दुसऱ्या दिवशी जुडी आणली. पातं चुरगाळून रुमालात ठेवते. याला सुगंधोपचार म्हणायचं तर म्हणा. तिने निवडलाय आणि तिच्या हातात आहे, नको झाला की बाजूला ठेवता येतो.

१७ एप्रिल

बाळंतीण वॉर्ड बाहेर ठेवला होता, पण तो स्वतःच आत आला. तिथल्या सिस्टरने निरोप दिला, येऊन बघा. जवळजवळ प्रत्येक बाळाच्या दुपट्याला ओवा-कापराची पुरचुंडी बांधलेली. आजीबाईंची सर्दीवरची खात्रीची योजना. घरी गेल्यावर शेगडी, बाळंतशेपा, वावडिंग आणि ओव्याची धुरी.

आजीशी भांडून काही होत नाही. ओव्याला हात लावला नाही, कापराबद्दलच बोललो. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांत फिट येऊ शकते, म्हणून अमेरिकेत औषधांतल्या कापराला ११ टक्क्यांची मर्यादा आहे. मेंथॉल तान्ह्याच्या नाकाजवळ गेलं तर घशाची झडप आवळून श्वास थांबू शकतो. जी-सिक्स-पीडीची (तांबड्या रक्तपेशी जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाला डांबराच्या गोळीच्या नुसत्या वासाने रक्त फुटून कावीळ होऊ शकते, आणि पेटीतली जुनी दुपटी त्या गोळ्यांतूनच निघालेली असतात. या शेवटच्या गोष्टीने आज्या गंभीर झाल्या. कापूर कुणी ऐकून सोडला, कुणी मान डोलावून तसाच ठेवला. दुपटी मात्र सगळ्यांनी उन्हात टाकायचं कबूल केलं.

धुरीबद्दल एकच मागणी: बाळाला बाजूच्या खोलीत ठेवा, धूर निवला की आणा. एक आजी म्हणाली, “माझी सहा लेकरं धुरीतच वाढली.” तिला उत्तर दिलं नाही. सुनेला वेगळं गाठून सांगितलं.

२५ एप्रिल

झोपेचा भाग. पारा चाळिशीपार, दुपारी वॉर्ड भट्टी झालेला असतो. लॅव्हेंडरची बाटली उष्णतेने आणि हवेने बिघडते, त्यातलं लिनॅलूल हवेशी मिळून कातडीला ॲलर्जी आणणारे पदार्थ तयार करतं. म्हणून गडद बाटली, फ्रिज, उघडल्याची तारीख.

रात्री हाताच्या मालिशसाठी दोन बाटल्या: ‘अ’ आणि ‘ब’. एकीत लॅव्हेंडर घातलेलं करडई, दुसरीत नुसतं करडई. कुठलं कुठलं ते फार्मासिस्टलाच माहीत, अशी योजना. बूच उघडताच सगळ्या वॉर्डाला कळलं. सुगंधावरच्या बहुतेक अभ्यासांचं हेच दुखणं आहे: वास लपवता येत नाही, आणि ज्याला चांगल्या वासाचं सांगितलंय त्याला बरं वाटणारच.

तरीही नोंदी वाचताना दोन्ही बाटल्यांच्या बायका जवळपास सारख्याच झोपलेल्या दिसतात. एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, “साधंच तेल बरं बाई. त्या दुसऱ्याला डासाच्या औषधाचा वास येतो.” लॅव्हेंडर आवडलेल्याही आहेत, बहुतेक तरुण. ज्यांना कुठल्याच बाटलीने झोप आली नाही त्यांच्या नोंदीत मुलींनी कारणं लिहिलीत: डोक्यावरची ट्यूबलाइट, नातेवाइकाचा मोबाइल, दोन वाजताचं अँटिबायोटिक, बाथरूमच्या दाराचा आवाज. दाराच्या बिजागरीला करडईचं तेल घातलं. त्या एका गोष्टीने जेवढ्या बायका झोपल्या तेवढ्या मालिशने झोपल्या नसतील.

मालिश बंद करू नका, असं मात्र सगळ्या पेशंट म्हणतात. दहा मिनिटं कुणीतरी हात हातात घेऊन बसतं, घरचं विचारतं. दोन मुली सुट्टीवर गेल्या त्या आठवड्यात ती दहा मिनिटं कुणाकडेच नव्हती. मॅडमच्या रिपोर्टात तेलाचा खर्च येईल. या दहा मिनिटांसाठी कुठला कॉलम आहे, ते विचारणार आहे.

९ मे

रिपोर्ट दिला. अल्कोहोल पॅड कायमचा घ्या, पण बीपी आणि पोट पाहण्याचा क्रम त्याच कागदावर छापा, सुटा नको. सडक्या जखमांचं ड्रेसिंग सगळ्या वॉर्डांत एकाच पद्धतीने. हातांचं मालिश साध्या करडईने, सुगंध पेशंटने मागितला तरच. डिफ्यूझर नको. बाळंतीण वॉर्डात सुगंधी काहीच द्यायचं नाही, डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना सांगायच्या गोष्टींत कापूर आणि डांबरगोळीचा मुद्दा घालायचा.

अहमदपूरचा पेशंट मागच्या आठवड्यात घरी गेला. बायकोला ड्रेसिंग शिकवलंय, गोळ्या कुटायला छोटा खल दिलाय. गावच्या आशाताईंना फोन केला आहे, पुढच्या सोमवारी पुन्हा करायचा.

स्टोअरने इंडेंट (मागणीपत्र) परत पाठवलं: मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या ‘बाहेरून लावण्यासाठी’ कशा, खुलासा करा. डॉक्टरांच्या सहीने खुलासा जोडून पुन्हा दिलं. आयसोप्रोपिलचे पॅड मंजूर.

१२ तारखेच्या परिचारिका दिनाला वॉर्डावॉर्डात सुगंधी मेणबत्त्या लावायचं ठरतंय असं कळलं. कार्यक्रम ऑक्सिजनपासून लांब, हॉलमध्ये घ्यावा असं लेखी कळवलं आणि पोच घेतली. लॅव्हेंडरची उरलेली बाटली, उघडल्याची तारीख घालून, मॅडमच्या ऑफिसात जमा.